मी वर गेले नाही

रविवार, १५ जून २०२५

आज बहरीनच्या टोकाला, अस्करच्या पुढे, कॉलेजच्या वस्तीवर जाऊन आले. गुदैबियातल्या घरून साडेनऊला निघाले, दहाला पोचले. वस्ती म्हणजे तरी काय? पांढरंशुभ्र कॉलेज, मुलामुलींची दोन होस्टेलं, एक कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं वाणसामानाचं दुकान, एक लाँड्री, कडक दुधाच्या 'करक' चहाची खिडकी, छोटी मशीद, आणि भोवती माळरान. मागच्या बाजूला एक तीन मजली इमारत आहे. कॉलेजची झाडलोट करणाऱ्या आमच्या कंपनीच्या बायका तिथे राहतात.

कॉलेजला दरवर्षी वस्तीच्या राहणीमानाचा अहवाल लागतो. खोलीत किती माणसं, पाणी कसं, हवा कशी, दवाखाना किती लांब, बस किती वेळाने. कामगारांचा भाग आमच्या कंपनीने भरायचा. आजवर आलोशियस भरायचा. तो आमचा मॅनेजर, वसईचा, मला ही नोकरी त्यानेच दिली. यंदा म्हणाला, "शुभदा, तू जाऊन ये. बायकांच्या खोल्या आहेत, बाईमाणूस गेलेलं बरं."

गेले. खाली सुपरवायझरची खोली आहे, तिथे बसले. खोल्या वर, लिफ्ट नाही, बाहेर त्रेचाळीस डिग्री, माझे गुडघे, आणि साडेबाराला लेकीची, तेजस्वीची, अदलियात डेंटिस्टची वेळ. सुपरवायझरने चहा मागवला आणि मागच्या वर्षीचा फॉर्म पुढे ठेवला. "मॅडम, सब सेम है." मी आकडे उतरवले. खोल्या समाधानकारक. हवा समाधानकारक. सही केली.

खरं लिहायचं तर, गुडघे दुखत नसते तरी मी गेले नसते. जिन्यातून ओल्या कपड्यांचा आणि तळणाचा वास येत होता. वर गेले असते तर कुणीतरी बसायला सांगितलं असतं, पाणी दिलं असतं.

निघताना एक बाई धावत जिना उतरून आली. चाळिशीची असेल, काळीसावळी, काटक. "तुमी मराठी हाय म्हनं?" मी हो म्हटलं तर माझा हातच धरला तिने. नाव रखमा, बार्शीकडची, सहा वर्षं झाली इथे. बाकीच्या सगळ्या आंध्राच्या, श्रीलंकेच्या. म्हणाली, "मराठी न बोलून तोंड आंबून गेलं हुतं ताई." कुठलं गाव विचारलं. मी पुणं सांगितलं. माझं खरं गाव कोरेगाव, साताऱ्याकडचं; ते सांगायला काय झालं होतं, कोण जाणे. फोन नंबर मागितला तिने, दिला.

सोमवार, १६ जून

रखमाचा व्हॉइस मेसेज: "ताई, काल नीट पोचला का घरला?" काल मला हा प्रश्न घरातसुद्धा कुणी विचारला नव्हता.

शुक्रवार, ११ जुलै

रखमाच्या मुलीला लातूरला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली. चार मिनिटांचा मेसेज, त्यात निम्मं हसणंच. मी पण बोलून पाठवलं, तेजस्वीलाही सप्टेंबरपासून तुमच्याच कॉलेजात ॲडमिशन मिळाली म्हणून. लगेच उत्तर: "मंग माझ्या नजरंखाली हाय तुमची लेक. काळजी करू नगा."

नवऱ्याला, राजनला ऐकवलं. तो बँकेचं काहीतरी वाचत होता. म्हणाला, "नंबर द्यायला नको होतास. उद्या काहीतरी मागेल." आजपर्यंत तिने काही मागितलेलं नाही. तरी ते माझ्या डोक्यात बसलं.

शुक्रवार, १ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय, म्हणूनच लिहिते.

इथल्या मराठी मंडळाच्या दोघी मैत्रिणींबरोबर गुदैबियात डोसा खायला गेले होते. बायकांना शुक्रवारी सुट्टी असते, कंपनीची बस त्यांना बाजारात आणते. काचेतून रखमाने मला पाहिलं आणि सरळ आत आली. बरोबर दुसरी एक बाई, ताहेरा, निजामाबादची, रखमाच्याच खोलीत राहते. रखमा तिला म्हणाली, "देख, यही अपनी ताई."

मैत्रिणी माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, "आमच्याकडे क्लीनिंगला असतात." आणि फोन वाजला नसताना कानाला लावला.

रखमा दोन पावलं मागे सरली. मग म्हणाली, "खावा, खावा तुमी," आणि ताहेराला घेऊन गेली. तिला काही वाटलं नसावं. माणसं साधी असतात ही.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. एकवीस मोदकांचे शेवटचे पाच फुटले. वीसेक माणसं येऊन गेली. घरात दोन्ही ए.सी. लावूनसुद्धा स्वयंपाकघरात जीव नकोसा झाला. रखमाचे तीन मेसेज आहेत. सणाच्या शुभेच्छा असणार. सवडीने ऐकते.

रविवार, ३१ ऑगस्ट

गौरींची तयारी, तेजस्वीची कॉलेजची खरेदी. रखमाचे मेसेज सातवर गेले. राजन म्हणाला होता तसंच काहीतरी असेल, रजा नाहीतर पगाराची उचल. ऐकलं की उत्तर द्यावं लागतं. न ऐकताच हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं. काहीच न पाठवण्यापेक्षा बरं.

सोमवार, ८ सप्टेंबर

दुपारी तेजस्वीचा फोन आला, रडत होती. कॉलेजच्या बाथरूममध्ये एक सफाईवाली बाई पडलेली तिला दिसली. डोळे उघडे, पण ओळख नाही, अंग भाजल्यासारखं गरम. तेजस्वीने आणि तिच्या वर्गातल्या मुलीने तिच्या अंगावर पाणी ओतलं, अँब्युलन्स बोलावली. नंतर ऑफिसात नाव कळलं, ताहेरा.

मी ऑफिसातच होते. आलोशियस आत आला, दार लावून घेतलं. "वरच्या मजल्याचा ए.सी. बंद आहे म्हणतात. किती दिवस, कुणालाच धड सांगता येत नाही. शुभदा, तुला काही कळवलं होतं का कुणी?"

मी "नाही" म्हणाले. त्या क्षणी ते मला खरंच वाटत होतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी गाडीत बसून ऐकले सगळे. पार्किंगमध्ये, काचा बंद करून. आता अकरा आहेत. ऐकले तसे उतरवते.

पहिला, २७ ऑगस्टचा: "ताई, सनाचा तरास देते. वरच्या मजल्याचा एशी कालपासनं बंद हाय. सुपरवायजर म्हनतो मानूस येतोय. तुमी एक फोन केला तर काम हुईल."

चौथा: "ताई, आमी फरशीवर पानी मारून झोपतो. खिडकी उघडली की भट्टीच. पर सन झाल्यावर बगा, घाई न्हाई."

आठवा, ३१ तारखेचा, माझ्या उत्तरानंतरचा: "तुमचा हात जोडल्याला आला ताई. लई बरं वाटलं. म्या समद्यांना सांगितलं, ताईनं मनावर घेतलंय. आता आमी कुनाला काय बोलत न्हाई."

अकरावा, ७ सप्टेंबरचा: "ताई, ताहेराला चक्कर येती. ती म्हनत हुती कॉलेजातल्या मॅडमला सांगू. म्याच थांबवली. म्हनलं, आपली ताई करतीय, तिला मधी खोटं पाडू नगं."

तेरा दिवस. त्यातले आठ त्या माझ्यामुळे गप्प बसल्या.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ताहेरा शुद्धीवर आहे. मूत्रपिंडाला त्रास झालाय, आणखी आठवडाभर ठेवतील. ए.सी. ८ तारखेलाच संध्याकाळी दुरुस्त झाला. माणसाला दोन तास लागले.

मी हॉस्पिटलमध्ये जाणार होते. फळं घेतली, सलमानिया हॉस्पिटलच्या गेटापर्यंत गेले आणि गाडी वळवून घरी आले. फळं आम्हीच खाल्ली.

रविवार, १४ सप्टेंबर

कॉलेजच्या कल्याण विभागाच्या प्रमुख डॉ. हेसा यांनी चौकशी लावली. बहरीनच्याच आहेत, पन्नाशीच्या, मोजकं बोलतात. रखमाचा जबाब घ्यायचा होता. हिंदी दुभाषा आणू का असं त्या विचारत होत्या, तर आलोशियस म्हणाला, "आमच्या शुभदा मॅडम तिच्याच भाषेच्या आहेत." बाहेर कॉरिडॉरमध्ये मला हळूच म्हणाला, "खोटं बोल म्हणत नाही मी. सांभाळून सांग एवढंच. डिसेंबरात काँट्रॅक्ट संपतंय. ते गेलं तर एकशे चाळीस बायका घरी जातील, रखमा पण." त्याचा चेहरा उतरला होता. तो वाईट माणूस नाही.

आत टेबलाच्या एका बाजूला डॉ. हेसा, समोर रखमा, मधे मी. मला पाहून रखमाला धीर आला. खुर्ची माझ्याकडे सरकवून बसली.

डॉ. हेसांनी इंग्रजीत विचारलं, ए.सी. किती दिवस बंद होता आणि कुणाला सांगितलं?

रखमा मला म्हणाली, "तेरा दिस ताई. सुपरवायजरला रोज सांगत हुतो. आन तुमाला बोलून पाठवलं हुतं की."

मी इंग्रजीत सांगितलं: काही दिवस बंद होता. त्यांनी सुपरवायझरला कळवलं होतं. आता दुरुस्त झाला आहे.

रखमाने माझ्याकडे पाहिलं.

दुसरा प्रश्न: जूनमध्ये अहवालासाठी कुणी खोल्या पाहायला आलं होतं का?

"आल्या हुत्या की, तुमीच. खाली बसल्या, चा घेतला. वर न्हाई आल्या. ऊन तरी केवडं हुतं त्या दिशी."

मी सांगितलं: हो, जूनमध्ये मी स्वतः गेले होते.

तिसरा: अजून काही सांगायचं आहे का?

या वेळी रखमाने खुर्ची सरळ केली. हात मांडीवर ठेवलेले. मग म्हणाली, "न्हाई. काय न्हाई."

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं.

माझ्या तोंडून एकही खोटं वाक्य गेलं नाही. सगळी खरी होती, अर्धी अर्धी. एक बरं की तिला इंग्रजी येत नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

काल रात्री राजनला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर केलंस. फॉर्मवर सही करणं हे तुझं काम होतं, ए.सी. दुरुस्त करणं नव्हे." ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.

सकाळी तेजस्वीला कॉलेजला सोडत होते. वाटेत ती म्हणाली, "आई, डिड यू एव्हर गो अप? त्या रूम्समध्ये?"

मी म्हटलं, गेले होते बिल्डिंगमध्ये.

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "रखमा मावशी क्लीन्स अवर स्टुडिओ. शी हेल्प्ड मी विथ द लॉकर. शी स्पीक्स प्रिटी गुड इंग्लिश, यू नो."

गाडी सिग्नलला उभी होती. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा कळलं, हिरवा झालाय.

सहा वर्षं ती तिथे आहे. सगळं कॉलेज इंग्रजीत बोलतं. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? म्हणजे माझं एकेक वाक्य तिने तिथे बसून ऐकलं. खोडून काढता आलं असतं तिला. "नो मॅडम" एवढं म्हणाली असती तरी मी जागच्या जागी संपले असते. आणि ती म्हणाली, काय न्हाई.

मंगळवार, १६ सप्टेंबर

गेले डॉ. हेसांकडे. अपॉइंटमेंट नव्हती. आधी आलोशियसला सांगावं असं तीनदा वाटलं. सांगितलं असतं तर त्याने मला थांबवलं असतं आणि मी थांबले असते, म्हणून नाही सांगितलं.

टेबलावर फोन ठेवला. अकराही मेसेज लावले. प्रत्येकाचं इंग्रजी केलं, थांबून थांबून, शब्द न गाळता. "आपली ताई करतीय" इथे आवाज फुटला, तर डॉ. हेसा म्हणाल्या, "पाणी घ्या आणि पुढे सांगा."

मग जूनचं सांगितलं. परवाच्या जबाबाचंही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "रविवारी का नाही सांगितलंत?"

"माझं नाव होतं त्यात."

"काँट्रॅक्टसाठी नाही?"

काँट्रॅक्टसाठी म्हणाले असते तर चाललं असतं. एकशे चाळीस बायकांचं कारण तयारच होतं, आलोशियसने हातात दिलेलं. म्हटलं, "नाही. माझं नाव होतं म्हणून."

त्या लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खलास, झालं तर मग. हेही लिहून द्या, तुमच्या सहीने."

दिलं. बाहेर पडताना मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं. भीती वाटत होती फक्त.

बुधवार, १७ सप्टेंबर

आलोशियस ओरडेल असं वाटलं होतं. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मला आधी सांगायचं होतंस, शुभदा." मग म्हणाला, "पाच वर्षं तो फॉर्म मी भरला. मीसुद्धा वर कधी गेलो नाही गं." आणि केबिनमध्ये गेला. दिवसभर बाहेर आला नाही.

राजन बोलत नाही. जेवताना तेजस्वीने त्याला भाजी वाढली, मला वाढली, आणि कुणाच्याच बाजूने काही म्हणाली नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

निकाल आला. काँट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत राहील, पुढचं अटींवर. सुपरवायझरला काढलं. बायकांना होस्टेलच्या रिकाम्या विंगमध्ये हलवलं. अहवालाचं काम माझ्याकडून गेलं. उद्यापासून मी गेटपास करायचे. आलोशियसची मुंबईला बदली होईल अशी बोलवा आहे. ताहेराला डिस्चार्ज मिळाला, ती गावी जाणार. स्वतःहून की पाठवताहेत, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गेटपासचे जुने कागद आणायला म्हणून त्या इमारतीत गेले होते. बायका गेल्या होत्या, दारं उघडी होती. आज चढले वर. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत, मधे एकदा थांबावं लागलं. वरच्या मजल्यावर पाच खोल्या. एकेका खोलीत चार दुमजली पलंग, म्हणजे आठ जणी. फॉर्मवर मी चार लिहिलंय. खिडकी माळाकडे उघडते. भिंतीवर टिकल्या चिकटवलेल्या, एका पलंगाच्या वर कुणीतरी पेनने वारांच्या रेघा मारलेल्या. किती होत्या ते मोजायचं धाडस झालं नाही. दहा मिनिटांत ब्लाउज पाठीला चिकटला.

रविवार, २८ सप्टेंबर

आज रखमाचा जबाब पुन्हा घेतला. निकाल लागला असला तरी मी लेखी दिलेल्यावर तिचंही म्हणणं फाइलला हवं होतं. मला बोलावलं होतं, पण गेल्यावर डॉ. हेसांच्या सेक्रेटरीने दारातच सांगितलं, "त्या बाईंनी दुसरा दुभाषा मागितला आहे."

दुसरा दुभाषा म्हणजे जैनुद्दीन, बसचा ड्रायव्हर. आझमगडचा, वीस वर्षं इथे, अरबी पाण्यासारखी बोलतो. रखमा त्याला हिंदीत सांगणार, तो डॉ. हेसांना अरबीत.

मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसले. दार पुरतं लागलेलं नव्हतं. रखमाची ती मोडकी हिंदी ऐकू येत होती. "तेरा दिन." "रोज बोला." प्रत्येक वाक्यानंतर जैनुद्दीनची अरबी. त्यातलं मला काहीच कळत नव्हतं. मी पहिल्यांदाच त्या दाराच्या बाहेर होते आणि आत जे खरं होतं ते नीट पोचत होतं.

मला वाटत होतं, आता माझं नाव येईल. येऊ दे, असंही वाटत होतं. डॉ. हेसांनी विचारलं असणार, कारण जैनुद्दीनने हिंदीत विचारलं, "मॅडम के बारे में क्या बोलना है?"

रखमा म्हणाली, "मॅडम ने खुद सब बोल दिया ना. मेरे को कुछ नहीं बोलना."

बाहेर आली. निळा युनिफॉर्म, नीट बांधलेला अंबाडा. मी उठून उभी राहिले. काय बोलायचं ते आठवडाभर ठरवत होते. निघालं एवढंच: "रखमा, माझं चुकलं. फार चुकलं."

ती थांबली. "कोई बात नहीं मॅडम."

"माझ्याशी मराठीत बोल ना गं."

तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. एखाद्या पोरीने काहीतरी भलतंच मागावं तसं. "नहीं मॅडम," ती म्हणाली, "हिंदी ठीक है." मग घड्याळ बघितलं. "ड्यूटी है. यल्ला, चलो जैनुद्दीन भाई."

मी विचारलं, "मुलगी कशी आहे लातूरला?"

"अच्छी है."

दोघं गेली. मी गाडीत येऊन बसले. ठरवलं होतं, आज ए.सी. लावायचा नाही, गुदैबियापर्यंत काचा खाली करून जायचं, निदान अर्धा तास तरी. अस्करचा गोल चौक येईपर्यंत कानशिलं ठणकायला लागली. काचा वर केल्या, ए.सी. लावला आणि घरी आले.